आधी कल्हई, मग डाग, शेवटी मोड : केंद्र सरकारला पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्रालय
मा. मंत्री, ग्राहक व्यवहार मंत्रालय
मा. उपाध्यक्ष, नीती आयोग
नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार.

बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या विजेच्या सामानाच्या बाजारापासून पाच मिनिटांवर माझं दुकान आहे. दहा बाय बाराचं. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, गिझर, वॉशिंग मशीन अशी घरातली यंत्रं दुरुस्त करायचं काम आमच्याकडे दोन पिढ्या चाललंय. तिसरी पिढी, म्हणजे माझी मुलगी, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तीन वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसली. मी कुठल्या पक्षाचा नाही, कुठल्या संघटनेचा पदाधिकारी नाही.

गेली काही वर्षं सरकारच्या घोषणांमध्ये ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ हा शब्द सारखा कानावर येतो. वस्तू वापरून फेकायची नाही. ती वस्तू, तिचे भाग आणि तिच्यातला माल शक्य तितका काळ वापरात फिरता ठेवायचा, असा त्याचा अर्थ मुलीने मला सांगितला. ऐकून आनंद झाला. हे तर आमचंच काम, असं वाटलं. मग तिच्या मदतीने मी नियम वाचले, समित्यांची प्रसिद्धिपत्रकं वाचली, रात्री दुकान बंद केल्यावर जमेल तसं. आणि ते वाचून झाल्यावर हे पत्र लिहायला बसलो, कारण त्या सगळ्या कागदांत आमच्यासारखं दुकान मला जवळजवळ कुठेच सापडलं नाही.

आधी एक प्रसंग सांगतो.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात सहकारनगरच्या एक निवृत्त शिक्षिका टेम्पोत घालून आपलं वॉशिंग मशीन घेऊन आल्या. पाच वर्षांचं मशीन. ड्रम, मोटर, बेअरिंग, पाण्याचा पंप, सगळं ठणठणीत. बिघडला होता फक्त बोर्ड. कंपनीच्या सेवा केंद्राने त्यांना सांगितलं होतं, या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही. मशीन एक्स्चेंजमध्ये द्या, नव्यावर दोन हजार कमी करतो. बाई म्हणाल्या, “माझ्या आईचं शिलाई मशीन अजून चालतंय. हे पाच वर्षांत मेलं म्हणून मी मान्य कसं करू?”

बोर्ड बाहेर काढला तर तो सगळा रबरासारख्या रसायनात बुडवलेला. ओल लागू नये म्हणून तसं करतात. कारण मला पटतं, पण त्यामुळे आतला एकही भाग हाताला लागत नाही. मुलीने तीन संध्याकाळी घालवून, गरम हवा देत देत, लाकडी काडीने ते थर सोलून काढले. जळालेला रिले, म्हणजे बोर्डावरचा आपोआप चालू-बंद होणारा स्विच, सापडला. पासोड्या विठोबाच्या देवळापाशी तसा रिले 60 रुपयांना मिळाला. तो बसवल्यावर दिवे लागले आणि लगेच पडद्यावर चूक दाखवणारा क्रमांक आला. मुख्य चिपही गेली होती. तशी चिप बाजारात मिळते, पण कोरी. तिच्यात भरायचा प्रोग्राम कंपनीकडे, आणि कंपनी तो बाहेरच्या कारागिराला देत नाही. त्या क्रमांकाचा अर्थ काय, हेसुद्धा सांगत नाही.

म्हणजे 60 किलोंच्या वर वजनाचं यंत्र, त्यातलं पोलाद, तांबं, तोल राखायला घातलेलं सिमेंटचं ओझं, काच, रबर, सगळं चांगलं असताना बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकड्यासाठी भंगारात जायचं. आणि ते भंगारात गेलं की तुमच्या हिशेबात ती चक्रीय अर्थव्यवस्थेची जमेची बाजू धरली जाणार. माझं दुखणं इथे आहे.

हे समजावं म्हणून पुण्यातलीच एक जुनी रीत सांगतो. रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानांत आजही ‘मोड’ घेतात. जुनं तांब्या-पितळेचं भांडं वजनावर द्यायचं आणि त्याची किंमत वजा करून नवं घ्यायचं. पण माझी आजी भांडं मोडीत घालायची ते अगदी शेवटी. आतून काळं पडलं की कल्हई, म्हणजे कथिलाचा मुलामा. गळायला लागलं की तांबट आळीत नेऊन डाग द्यायचा, म्हणजे भोक धातूने सांधून घ्यायचं. डागावर डाग बसेना, पत्रा विरला, तेव्हाच मोड. आधी कल्हई, मग डाग, शेवटी मोड. हा क्रम घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होता. प्रत्येक पायरीवर पोट भरणारा एक कारागीर होता, आणि भांड्याची सगळ्यात जास्त किंमत पहिल्या पायरीवर टिकत होती. मोडीत फक्त धातूचा भाव मिळतो. ते भांडं घडवणाऱ्याची मेहनत, त्यासाठी जाळलेला कोळसा, सगळं त्या क्षणी वाया जातं.

मिक्सरचंही तेच. कार्बन ब्रश आणि कपलर बदलला की मिक्सर आणखी पाच-सात वर्षं चालतो. तोच भंगारात दिला तर तांब्या-लोखंडाच्या भावाने दीडशे-दोनशे रुपये येतात, आणि त्याच्या जागी नवा बनवायला पुन्हा खाणीतून धातू, पुन्हा वीज, पुन्हा प्लास्टिक.

देशाच्या धोरणाने मात्र पहिल्या दोन पायऱ्या सोडून थेट मोडीपासून सुरुवात केली आहे. नीती आयोगाच्या पुढाकाराने 2021 मध्ये चक्रीय अर्थव्यवस्थेसाठी 11 समित्या नेमल्या गेल्या. त्यांचे विषय मी पुन्हा पुन्हा वाचले : भंगार धातू, ई-कचरा, लिथियम बॅटऱ्या, सौर पॅनेल, जिप्सम, वापरलेलं तेल, टायर, आयुष्य संपलेली वाहनं, शहरांचा घनकचरा आणि सांडपाणी, शेतीतला कचरा, घातक औद्योगिक कचरा. सगळे विषय महत्त्वाचे, त्याबद्दल वाद नाही. पण या यादीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू आधीच संपलेली आहे. वस्तू संपूच नये म्हणून काय करायचं, त्यासाठी बारावी समिती नव्हती.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार ई-कचऱ्याच्या हिशेबाची. ई-कचरा व्यवस्थापन नियम 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. पूर्वी यादीत 21 प्रकारच्या वस्तू होत्या, त्या 106 झाल्या. वस्तू बनवणाऱ्या कंपनीने तिच्या शेवटाचीही जबाबदारी घ्यायची, हे तत्त्व आपल्याकडे 2011 च्या नियमांपासून आहे आणि ते अगदी योग्य आहे. कंपन्यांना उद्दिष्ट दिलं आहे : सुरुवातीची दोन वर्षं 60 टक्के, पुढची दोन वर्षं 70, आणि 2027-28 पासून 80 टक्के. हे पुरं करायला कंपनी नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेते. प्रमाणपत्र मिळतं ते वस्तू मोडून काढलेल्या मालाच्या वजनावर. 2022 च्या नियमांत ते चार धातूंवर बेतलेलं आहे : सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड.

याचा व्यवहारात अर्थ असा, की पाच वर्षांत बंद पडणारं मशीन विकणारी कंपनी आणि पंधरा वर्षं टिकणारं मशीन विकणारी कंपनी यांच्यात पहिलीला फारसा तोटा नाही. ती नवं मशीन विकते, जुन्यासाठी प्रमाणपत्रं घेते, आणि कागदावर तिची जबाबदारी पुरी होते. मी दुरुस्त केलेला पंखा मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही, कारण मी त्याचा कचरा होऊच दिला नाही. त्याच नियमांत वस्तू पुन्हा वापरायोग्य करणाऱ्यांची नोंदणी आहे आणि त्यांच्या प्रमाणपत्रावर कंपनीची जबाबदारी पुढे ढकलायची सोय आहे, हेही मी वाचलं. ती कल्पना चांगली आहे. पण ते पोर्टल, ती कागदपत्रं, ते अहवाल मोठ्या कारखान्याला झेपतील असे आहेत. शॉप ॲक्टच्या परवान्यावर चालणाऱ्या माझ्या दुकानाने तिथे कुठल्या दारातून जायचं?

मोडणाऱ्यांना पैसे मिळू नयेत असं माझं म्हणणं नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये चीनने विरल मृदा चुंबकांच्या, म्हणजे मोटरींत लागणाऱ्या ताकदवान चुंबकांच्या, निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा विजेवरच्या दुचाकी बनवणाऱ्यांना झळ बसली. चाकणचा पट्टा आमच्यापासून तासाभरावर, त्यामुळे ती काळजी माझ्या दुकानातही बोलली गेली. तशा प्रकारची चुंबकं जुन्या हार्ड डिस्कमध्ये असतात, आणि त्या हार्ड डिस्क जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किलोवर विकल्या जाताना मी वर्षानुवर्षं पाहतोय. केंद्राने सप्टेंबर 2025 मध्ये अशा खनिजांच्या रिसायकलिंगसाठी 1,500 कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तिचं मी मनापासून स्वागत करतो. पण एवढी रक्कम मोडीसाठी निघत असताना डागासाठी, कल्हईसाठी काय, हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

दुसरी तक्रार दुरुस्तीच्या हक्काची. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं हे तिचे विषय. त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं. त्या दिवशी मी दुकानात पेढे वाटले होते, खोटं सांगत नाही. पुढे वस्तू किती सहज दुरुस्त होते याचा निर्देशांक ठरवायला वेगळी समिती झाली आणि तिने मे 2025 मध्ये अहवाल दिला. मोबाइल आणि टॅबलेटपासून सुरुवात करावी, वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, दुरुस्तीची माहिती उपलब्ध आहे का, यावर गुण द्यावेत, असं तिचं म्हणणं. हे अगदी नेमकं आहे. आम्हाला लिहायला सांगितलं असतं तर आम्हीही हेच लिहिलं असतं.

पण पोर्टलवर कंपनीने माहिती टाकायची ती तिच्या मर्जीने. बोर्ड द्यायला तिने नकार दिला, तर मी कुठल्या कलमाखाली तक्रार करू? ग्राहकाच्या हाती तरी ग्राहक आयोग आहे. कारागिराच्या हाती काय आहे? आणि माझ्या दुकानात आलेल्या एकाही नव्या वस्तूच्या खोक्यावर तो निर्देशांक मला अजून दिसलेला नाही. फ्रान्समध्ये मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन यांवर दहापैकी गुण छापणं 2021 पासून सक्तीचं झालं. युरोपात त्याच वर्षीच्या मार्चपासून वॉशिंग मशीनचे सुटे भाग 10 वर्षं आणि टीव्हीचे 7 वर्षं पुरवायचं बंधन आलं. तिथे माल विकणाऱ्या कित्येक कंपन्या इथेही विकतात. तिकडच्या गिऱ्हाइकाला दहा वर्षं भाग द्यायला त्यांना जमतं, तर सहकारनगरच्या बाईंना पाचव्या वर्षी नकार का?

भाग मिळत नाहीत एवढंच नाही, वस्तू उघडूच नये अशी बनते. पूर्वी मिक्सरला चार साधे स्क्रू असत. आता तळाशी चांदणीच्या आकाराचे, मध्ये खुंटी असलेले स्क्रू येतात. त्यांचा पाना वेगळा घ्यावा लागतो. चार्जर तर स्क्रूविना दोन तुकडे जोडून बंद करतात, उघडायचे म्हणजे फोडायचे. फोनची बॅटरी चिकटवलेली. बऱ्याच स्वस्त मोटरींमध्ये तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची वायर असते. ती लवकर तापते आणि तिला नेहमीचं कथिल धरत नाही, त्यामुळे जळाली की वाइंडिंगचा खर्च परवडत नाही. इन्व्हर्टरच्या एसीत काही सेटिंग पासवर्डमागे असतात. यातल्या प्रत्येक गोष्टीला कंपनीकडे एखादं कारण असेल. पण सगळ्याचा परिणाम एकच होतो, आणि तो गिऱ्हाईक भोगतं.

तिसरी तक्रार कराची, थोडक्यात सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून एसी, 32 इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि भांडी धुण्याची यंत्रं यांच्यावरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. नवी वस्तू स्वस्त झाली, लोकांना आनंद झाला. पण जुना एसी दुरुस्त करण्याच्या सेवेवर 18 टक्केच राहिले. माझी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असल्याने माझी नोंदणी नाही; कपॅसिटर, बेअरिंग, बोर्ड घेताना मी कर भरतो, त्याची वजावट मला मिळत नाही, आणि ती रक्कम शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलात चढते. नव्या वस्तूवर जितका कर तितकाच तिला वाचवण्यावर, हे चक्रीय अर्थव्यवस्था म्हणवणाऱ्या देशाला कसं चालतं?

चौथी तक्रार माणसांची, आणि ती मला सगळ्यात जास्त लागते.

आमच्या भागात एका रविवारी ई-कचरा गोळा करायची मोहीम होती. आयोजक भली माणसं. आम्ही बापलेक बघायला गेलो. टेम्पोत इस्त्र्या, रेडिओ, टेबलफॅन, मिक्सर फेकले जात होते. मुलीने तीन मिक्सर उचलून शेजारच्या दुकानातल्या प्लगला लावले. दोन सुरू झाले. आम्ही विनंती केली, की चालू आणि दुरुस्त होण्यासारख्या वस्तू आम्ही मोफत वेगळ्या काढतो, आमचे हातही तुम्हाला मिळतील, त्या वस्तू गरजू घरी द्या. उत्तर आलं, “काका, संस्था वजनावर घेऊन जाते आणि प्रमाणपत्रही वजनावरच देते. वजन कमी भरून चालणार नाही.” त्यांचा काही दोष नाही. वजन मोजायचा नियमच वरून आला, की खालचा माणूस चालू मिक्सरसुद्धा टेम्पोत फेकतो.

या शहराने वेगळं काही करून दाखवलं आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. कचरा वेचणाऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ 1993 मध्ये इथेच उभी राहिली. 2008 पासून ‘स्वच्छ’ या त्यांच्याच सहकारी संस्थेच्या बायका दारोदार जाऊन कचरा घेतात आणि त्यातला विकण्याजोगा माल हाताने वेगळा करतात. आमच्या गल्लीत येणाऱ्या ताई फेकलेला पंखा दिसला की आधी माझ्याकडे आणतात. “दादा, हा जगेल का बघा,” म्हणतात. जगला तर त्यांना भंगारापेक्षा दुप्पट पैसे मिळतात. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना सामावून घ्यायला सांगितलं, ते पुण्यासारख्या ठिकाणच्या कष्टकऱ्यांनी करून दाखवलं म्हणूनच शक्य झालं. राष्ट्रीय पातळीवरच्या चक्रीय अर्थव्यवस्थेत मात्र या ताई, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी, जुन्या बाजारात पथारी टाकून बसणारे, चप्पल शिवणारे, आम्ही, असे सगळे ‘असंघटित क्षेत्र’ या एका शब्दात गुंडाळले जातो, आणि तो शब्द बहुतेक वेळा अडचण म्हणून येतो.

अडचण आहे, मी ती लपवणार नाही. तांबं काढायला केबल उघड्यावर जाळणारे लोक आहेत, बोर्डावरचं सोनं काढायला ॲसिड वापरणारे आहेत. त्यात त्यांचीच फुप्फुसं जातात आणि ओढे-नाले बिघडतात. ते थांबलंच पाहिजे. चुकीच्या दुरुस्तीने आग लागू शकते, हे कंपन्यांचं म्हणणंही खरं आहे. लिथियम बॅटरीशी खेळ नको. आणि प्रत्येक जुनी वस्तू टिकवावी, असंही मी म्हणत नाही. जुना पंखा 75 वॅट घेतो, नवा बीएलडीसी, म्हणजे कार्बन ब्रश नसलेल्या, बोर्डावर चालणाऱ्या मोटरचा पंखा 30-35 वॅटमध्ये तेवढीच हवा देतो. दिवसरात्र चालणार असेल तर गिऱ्हाइकाला मी स्वतः नवा घ्या म्हणतो. पण त्या नव्या पंख्याचा बोर्ड तीन वर्षांत गेला आणि मिळाला नाही, तर वाचवलेल्या विजेवर पाणी पडतं. चुकीच्या दुरुस्तीवर उपाय म्हणजे माहिती आणि शिक्षण. माहिती दडवून ठेवायची आणि मग कारागीर अडाणी म्हणायचं, हे बरोबर नाही.

वडिलांचं सांगतो. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते 19 वर्षांचे होते. नदीकाठच्या पेठा चिखलात गेल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी गाळाने भरलेले पंखे, रेडिओ, शिलाई मशीन ओट्यावर आणून ठेवली. वडील एका कारागिराच्या हाताखाली लागले; मोटर उघडायची, गाळ धुवायचा, वाइंडिंग बल्बच्या उबेवर दिवसचे दिवस वाळवायचं, वार्निश द्यायचं, पुन्हा जुळवायचं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सहा महिने त्यांनी दुसरं काही केलं नाही. ज्या घरांचं सगळं वाहून गेलं होतं, त्या घरात पंखा पुन्हा फिरला की माणसं रडायची. आमचं दुकान त्यातून उभं राहिलं. तसा पूर उद्या आला, तर आजच्या वस्तूंपैकी किती उघडता येतील, याचा विचार मी मुठेला पाणी सोडल्याची बातमी आली की दरवर्षी करतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातला 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. जगभरचे कारखाने लावूनही 100 किलोंतले 22 किलोच हाती येतात. उरलेला कुठे जातो हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आमचा कचरा किती वर्षं सोसला, ते त्यांना विचारा.

आता मागण्या. साध्या आहेत.

2019 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने राष्ट्रीय संसाधन कार्यक्षमता धोरणाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. मसुद्याला काहीच अर्थ नव्हता असं नाही. वस्तू बनण्यापासून संपेपर्यंतचा विचार त्यात होता, त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाची कल्पना होती. तो मसुदा बाहेर काढा, आजच्या गरजेप्रमाणे दुरुस्त करा आणि त्याचा कायदा करा. जपानने असा मूलभूत कायदा 2000 साली केला, चीनचा 2009 पासून लागू आहे. आपल्या कायद्यात क्रम स्पष्ट लिहिलेला असावा : आधी टिकाऊपणा, मग दुरुस्ती आणि पुनर्वापर, आणि त्यानंतरच रिसायकलिंग. सरकारी पैसा आणि सवलतीही त्याच क्रमाने जाव्यात.

निर्देशांकाचा अहवाल तुमच्याकडे आहे. तो सक्तीचा करायची तारीख जाहीर करा, मोबाइलनंतर वॉशिंग मशीन, पंखे, मिक्सर, फ्रिज, एसी यांचं वेळापत्रक द्या, आणि गुणांत सुट्या भागांची किंमत धरा. भाग मिळतो पण नव्या वस्तूच्या निम्म्या किमतीला मिळतो, याला मिळणं म्हणत नाहीत.

मॉडेल बंद झाल्यावरही घरगुती यंत्रांचे मुख्य भाग किमान 10 वर्षं, छापील किमतीत, कुठल्याही कारागिराला विकायचं बंधन कंपन्यांवर घाला. त्यासोबत बोर्डाचा नकाशा, चुकांच्या क्रमांकांचे अर्थ आणि चिपचा प्रोग्राम. मराठी-हिंदीत मिळाला तर उत्तमच, पण निदान मिळू द्या.

दुरुस्तीच्या सेवेवर आणि सुट्या भागांवर 5 टक्के कर. हा निर्णय जीएसटी परिषदेचा आहे हे मला माहीत आहे. प्रस्ताव तुमच्याकडून जायला हवा.

ई-कचऱ्याच्या हिशेबात वाचवलेल्या वस्तूला जागा द्या. एकेकट्या दुकानाला जमत नसेल, तर तपकीर गल्लीसारख्या एका बाजाराची मिळून एक नोंदणी करू द्या. प्रत्येक गोळा-मोहिमेत आणि केंद्रावर वस्तू मोडायला जाण्याआधी एक टेबल लावा, जिथे कारागीर ती तपासेल. वजन त्यानंतर करा.

आयटीआयच्या अभ्यासक्रमात इन्व्हर्टर आणि बीएलडीसीचे बोर्ड दुरुस्त करायचा वेगळा भाग असावा आणि आमच्यासारख्या कामातल्या माणसांसाठी संध्याकाळचे वर्ग असावेत. मी 57 वर्षांचा आहे. औंधच्या आयटीआयमध्ये असा वर्ग निघाला तर पहिल्या बाकावर येऊन बसेन.

आणि सरकारने सुरुवात स्वतःच्या कचेऱ्यांपासून करावी. निर्लेखनात, म्हणजे निकामी ठरवून यादीतून काढताना, निघालेले संगणक, पंखे, कूलर लिलावात ढिगाने जातात. निर्लेखनाआधी प्रत्येक वस्तूची दुरुस्ती-तपासणी सक्तीची करा, जगतील त्या जिल्हा परिषदेच्या शाळांना द्या. खरेदीच्या निविदेत सुटे भाग किती वर्षं मिळणार ही अट घाला. सरकारएवढं मोठं गिऱ्हाईक अट घालतं, तेव्हा कंपन्या ऐकतात.

या पत्राला मला तीन ओळींचं उत्तर पुरेल : निर्देशांक सक्तीचा कधी होणार, सुट्या भागांचं बंधन येणार का, आणि 2019 च्या मसुद्याचं पुढे काय होणार.

बाईंचं वॉशिंग मशीन अजून दुकानाच्या दाराशी उभं आहे. एक्स्चेंजला त्यांनी नकार दिला आहे. सध्या त्या कपडे हाताने धुतात आणि दर शनिवारी फोन करतात. मुलगी त्याच मॉडेलचं दुसरं एखादं बंद पडलेलं मशीन शोधतेय, म्हणजे त्याचा बोर्ड इथे बसवता येईल. येत्या रविवारी ती पुन्हा जुन्या बाजारात जाणार आहे.

आपला नम्र,
एक दुरुस्तीवाला
बुधवार पेठ, पुणे